म्हसोबाच्या वळणावर मला सोडून देतात

मित्रांनो, मी एक जुनी रबरी मूठ आहे, सायकलच्या हँडलला असते तशी. नसरापूरच्या एका कचेरीत, कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या पोटात स्प्रिंग बसवली आणि मला वायर जोडली. माझं काम एकच. माणूस घाबरला की तो मला आवळणार, आणि किती जोरात आवळलं ते मी कॉम्प्युटरला कळवणार. नसरापूर ते वेल्हे रस्त्यावर तेव्हा आपली आपण चालणारी एक गाडी आली होती. तिच्यात बसलेल्यांना कुठे आणि किती भीती वाटते, हे गाडीची चाचणी घेणाऱ्या आमच्या कचेरीतल्या शिवानीताईंना मोजायचं होतं. पुढे धनाजी बसे, अडीअडचणीला ब्रेक दाबण्यापुरता. मागे गावचं एखादं माणूस, आणि त्याच्या हातात मी.

दूधवाल्याचा गार हात, शाळेतल्या बाईंचा खडूने कोरडा झालेला हात, सगळे मला ठाऊक झाले. म्हशी आडव्या आल्या की लोक मला आवळत, समोरून एसटी आली की माझा जीव घुसमटे. माझे आकडे पाहून कचेरी खूश होती. मलाही जरा गर्व चढला होता, खोटं कशाला सांगू?

वाटेत एक वळण आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि समोरचं काही दिसत नाही. तिथे म्हसोबाचं ठाणं आहे. ते आलं की जो तो मला मांडीवर टाकी आणि दोन्ही हात जोडी. मांडीवर पडल्या पडल्या मला त्यांचे गुडघे थरथरताना कळत. पण माझ्या स्प्रिंगला फक्त आवळणं समजतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर शून्य उमटे. धनाजीची नजर रस्त्यावर असे, आणि शिवानीताई कचेरीत आकड्यांपुढे.

"त्या वळणावर कुणालाच भीती वाटत नाही," मोठे साहेब आनंदराव म्हणाले. "उद्यापासून तिथे गाडीचा वेग वाढवू."

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मात्र रडू येत होतं, कारण उद्या त्या गाडीत कुणीतरी बसणारच होतं.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या रतनबाई आल्या. एकट्या बसायला त्या तयार होईनात, म्हणून शिवानीताई शेजारी बसल्या. वळण जवळ आलं तरी गाडी हळू होईना. रतनबाईंनी मला मांडीवर टाकलं.

"आजी, मूठ का सोडली?"

"म्हसोबा आला न्हवं, पोरी. हात जोडू का ह्ये आवळू?"

"मग भीती नाही वाटत?"

"वाटती म्हणून तर जोडले. हितं समद्यास्नी वाटती."

शिवानीताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "धनाजी, ब्रेक दाब," त्या म्हणाल्या.

धनाजीने ब्रेक दाबला. गाडी वळणाच्या तोंडाशीच थांबली. पलीकडून पेंढ्याने गच्च भरलेला टेम्पो आला आणि हातभर अंतरावरून निघून गेला.

मग शिवानीताई आधी बसून गेलेल्यांच्या दारोदार फिरल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं. आनंदरावांनी मुकाट्याने वेग पहिल्यापेक्षाही कमी केला, वळणाआधी हॉर्नही वाजू लागला. शिवानीताईंनी मला तळहाताला बांधायचा एक पट्टा शिवला. आता कुणी हात जोडले, तरी मी दोन तळव्यांच्या मध्ये असते.

परवा रतनबाई पुन्हा आल्या, या खेपेला एकट्याच. वळणावर त्यांनी मला मध्ये घेऊन हात जोडले. गाडी हळू होती, हॉर्न वाजला होता, आणि जोर अगदी हलका होता.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसूनही ठेवा, पण आमच्या आकड्यावर थांबू नका. कुणी मला किती आवळलं, एवढंच मी सांगू शकते. का सोडलं, ते त्या माणसालाच विचारा.