सावलीचा डबा

जूचंद्र गावात कुणी गेलं की तेराव्याला त्याच्या ओटीवर हरिश्चंद्र रांगोळीत त्याचा चेहरा काढून द्यायचे. आता ते स्वतःच गेले, आणि त्यांचा चेहरा काढायला त्यांच्या लेकीशिवाय, ज्ञानदाशिवाय, दुसरं कोण होतं? ती विरारच्या शाळेत चित्रकला शिकवायची. जलरंगात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रांगोळीला मात्र लग्न झाल्यापासून तिने बोट लावलं नव्हतं. माणसं जेवायला यायच्या आत बाबा जसे होते तसे ओटीवर दिसायला हवेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पहाटेपासून ती गुडघ्यांवर होती. चेहरा भरून झाला तशी आई, जयवंती, स्वयंपाकघरातून हात पुसत आली, उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "यो तुजा बापूस नाय गो. यो हास्पिटलातला हाय."

ज्ञानदाला भरल्या घरात रडू फुटलं. आई खरं बोलत होती. चेहरा काळवंडलेला होता, शेवटच्या आठवड्यात झाला होता तसा.

चूक हाताच्या सवयीची होती. पाण्याचा रंग वाळला की फिका पडतो, म्हणून ती नेहमी एक छटा गडदच कालवायची. रांगोळी कुठली वाळायला! चिमटीतून पडली तशीच ती राहते. डोळ्यांतली चमकही तिने कागदावर ठेवतात तशी कोरी ठेवली होती, आणि तिथून ओटीची लादी दिसत होती. अशा डोळ्यांनी बाबा कुणाकडे बघणार?

एक बरं, जलरंगात गडदावर उजळ चढत नाही, रांगोळीत चढतं. तिने डोळे पुसले, पिवळ्या-तांबड्यात भरपूर पांढरा मिसळला आणि गालांवर, कपाळावर हलक्या हाताने भुरभुरला. डोळ्यांत पांढऱ्याची एकेक चिमूट टाकली. बाबा जरा माणसांत आले. पण गळ्याखालची सावली काही केल्या जमेना. काळा टाकला की चेहरा पुन्हा मेल्यासारखा दिसायचा.

तेव्हा तिला फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवला. काढील त्यानेच दिवस मावळायच्या आत रांगोळी झाडायची, असा बाबांचा नेम होता, आणि झाडलेलं सगळं ते या डब्यात भरायचे. सगळे रंग एकमेकांत मुरून कुणाचाच राहिला नाही असा मातकट रंग व्हायचा. "सावलीला इकतचा रंग नको," ते म्हणायचे.

डब्यात तळाला थोडासाच उरला होता. तिने तो हनुवटीखाली सोडला. गाल वर उचलला गेला, मान भरली. मागे आई हुंदका देऊन खाली बसली. म्हणजे जमलं होतं.

माणसं आली, हात जोडले, जेवली, गेली. उन्हं उतरली. ज्ञानदाने केरसुणी हातात घेतली आणि खाली ठेवली. पुन्हा घेतली.

"आये, आजची रात राहू दे ना."

"त्यांनी कुनाचा ठेवलेला काय?" आई म्हणाली. "झाड."

ज्ञानदाने आधी अंगरखा झाडला, मग कान, मग कपाळ. डोळे शेवटी. पांढरा तांबड्यात गेला, तांबडा काळ्यात, आणि सुपलीत नुसती मातकट भुकटी उरली. डबा अर्धा भरला.

आईने झाकण घट्ट लावलं, पदराने डबा पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

"मी जाईन तवा सावलीला योच वापर," ती म्हणाली.