अकरा वर्षांचं कीटण

खुर्चीत आडवा होऊनही क्लॅरिनेटवाल्याने तोंड उघडलं नाही. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून तो छताकडे बघत राहिला. आरसा आणि आकडी घेऊन बाजूला उभी असलेली दातांची डॉक्टर ही त्याच्या धाकट्या भावाची बायको, आणि गेल्या अकरा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"भाऊजी, बाहेर चार माणसं थांबलीत," ती म्हणाली. "उघडणार नसाल तर उठा."

उठून चालणार नव्हतं. गेल्या तालमीत वाद्यावर टेकवताच त्याचे वरचे पुढचे दोन दात हलले, सूर फाटला, आणि बँडमास्तरने सगळ्यांदेखत बजावलं की महिन्याभरात दात नीट करून या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. एकवीस वर्षं वाजवल्यावर हे ऐकून घ्यावं लागलं. त्याने तोंड उघडलं.

भांडण लग्नाच्या बोलण्यांतलं. लोकांच्या तोंडात बोटं घालणारी सून आमच्या घरात नको, असं हा गृहस्थ मुलीच्या वडिलांसमोर बोलून बसला होता. धाकट्याने तरीही लग्न केलं आणि वेगळं बिऱ्हाड थाटलं. हिने ते शब्द विसरायचा कधी प्रयत्न केला नाही. त्याचाही हेका असा, की हिच्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, तर लोक विचारणार, घरचीच डॉक्टर असताना इकडे कसे? म्हणून तो कुठेच गेला नाही. असली अब्रू काय चाटायची!

डॉक्टरने एकेक हिरडी तपासली आणि एक्स-रे काढून त्याच्यासमोर धरला. दातांवर साठलेलं कीटण हिरड्यांच्या आत उतरलं होतं, खालचं हाड झिजलं होतं. सांगताना तिने आवाजात जरासुद्धा गोडवा येऊ दिला नाही.

"थापा मारू नकोस," तो म्हणाला. "मला एक दिवस दुखलेलं नाही."

"दुखत नाही, म्हणूनच दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. वेळेवर आला असतात तर नुसत्या सफाईवर भागलं असतं. आता हे दोन्ही काढावे लागतील."

"आणि वाजवू कशाने?"

"बसवलेल्या दातांनी जमेल कदाचित. पण महिन्याभरात नाही. पुढे जमेलच, असंही मी लिहून देणार नाही."

हा दिवस तिने मनात कितीदा तरी रंगवला होता. आता त्याचा आनंद होईना, याचाही तिला राग आला. तिने हातमोजे ओढून काढले.

तो तरातरा बाहेर आला. ही बाई जुना डूख धरून बसलीय, उद्या दुसरा डॉक्टर गाठू, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याने बाकावर बसलेल्या बायकोला सांगितलं. तेवढ्यात नोंदवहीवरच्या बाईंनी मान वर केली.

"ताई, तुमची सफाई पुढच्या मंगळवारी आहे. आलाच आहात, तर आजच करून घेता का?"

बाई कोणाशी बोलताहेत, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तू इथे येतेस?"

"दर सहा महिन्यांनी. दवाखाना उघडला तेव्हापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"इथे येते ते नाही बोलले. पण हिरड्यांतून रक्त येतंय, कुणाला तरी दाखवा, असं एकदा म्हटलं होतं. महिनाभर अबोला धरलात." ती उठली. "त्यानंतर रोज सकाळी तुमच्या मागून बेसिनमधलं रक्त धुऊन टाकत आले. गुपचूप."

तिने आपली पिशवी त्याच्या हातात दिली, अर्धा तास लागेल म्हणाली, आणि आत गेली.