टोळीचा नवा नर

देवीदास काठी घेऊन उठले, तेव्हा खाणीच्या काठावरच्या बाभळीत वानरांच्या माद्यांचा एकच कल्लोळ उसळला होता.

"बाबा, खाली बसा," पायल म्हणाली.

"अरे, तो आपल्या कोळशाच्या मांगं लागला, त्या पिल्लाच्या!"

"बसा म्हणते ना!"

तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. उजव्या हातात मोबाइल होता. त्यात चित्रण चालू होतं आणि ती सपाट आवाजात बोलत होती, "नर खालच्या फांदीवर. दोन माद्या आडव्या. पिल्लाची आई वर सरकली."

नंदिनी नगरच्या या बंद खाणीत देवीदासांनी उमेदीची वर्षं ड्रिल मशीन चालवली होती. आता त्यांची लेक तिथे वानरांच्या मागे फिरत होती. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा त्यांच्या शरीरात कोणती संप्रेरकं चढतात, हरल्यावर कोणती उतरतात, हे ती त्यांची विष्ठा गोळा करून तपासायला पाठवत होती. "एवढं शिकून लेंड्याच वेचाच्या होत्या काय?" असं ते पहिल्यांदा हसले होते. मग घरी करमेना म्हणून सोबत येऊ लागले आणि गुंतत गेले. चुनखडीच्या पांढऱ्या दगडांवर बागडणाऱ्या त्या काळ्याकुट्ट पिल्लाला कोळशा हे नाव त्यांनीच दिलं होतं.

टोळीच्या म्हाताऱ्या नराला फाटक्या ओठाच्या या नव्या नराने नुकतंच हाकलून दिलं होतं. भांडण मिटलं, आता हा राज्य करील, एवढंच देवीदासांना कळलं होतं.

फांदी कडाडली. माद्या चीत्कारत मागे हटल्या. पिल्लाची एकच किंकाळी आली आणि अर्ध्यातच तुटली.

"पायल, सोड मले!"

तिने सोडलं नाही.

मग सगळं शांत झालं. आई पिल्लाला छातीशी धरून बसली. त्याची मान तिच्या हातावरून लोंबत होती. आई ती मान पुन्हा पुन्हा सरळ करत होती. नवा नर खाली उतरला, दगडावर टेकला, आणि जरा वेळाने निघून गेला. पायल हातमोजे चढवून त्या दगडापाशी गेली. नळीत विष्ठेचा नमुना भरला, झाकण लावलं, नळीवर काहीतरी लिहिलं. देवीदास तिच्याकडे बघत राहिले. ही आपल्या घरात वाढलेली पोर आहे, हेच त्यांना खरं वाटेना.

स्कूटीवर ते मागे बसले. सुपेल्याच्या चौकात ट्रक अडकले होते, हॉर्नचा गदारोळ चालला होता. तिथे त्यांनी विचारलं.

"तुले मालूम होतं?"

पायलने मान वळवली नाही. "हो. नवा नर आला की होते असं. हमेशा नाही, पण होते. याचे नमुने पाहून मले भेव वाटतच होतं."

"मग मले कावून नाई सांगतलं?"

"तुम्ही काठी घेऊन तिथंच मुक्काम केला असता."

"केलाच असता! पण त्या लेकराचा काय गुन्हा होता?"

"ते या नव्या नराचं नोतं, बाबा. हाच गुन्हा." तिने स्कूटी जरा पुढे घेतली. "पिल्लू दूध पिते तोवर आई दुसऱ्या पिल्लाले तयार होत नाही. पिल्लू गेलं, दूध आटलं, की तिचं शरीर फिरते. मग ती..."

"मग ती काय?"

"त्याच्याचपाशी जाते."

देवीदासांनी स्कूटीची मागची दांडी घट्ट धरली. सिग्नल सुटला. पायलने स्कूटी नेहरू नगरकडे, घराकडे काढली.

घरी ते हातपाय धुवायला मोरीत गेले. त्यांच्या पत्नी गिरजाबाई टॉवेल घेऊन आल्या आणि दारातच किंचाळल्या.

"अवो, हे काय झालं? वानर चावलं काय तुमाले?"

देवीदासांनी हात उजेडात धरला. मनगटावर नखांच्या चार खोल चंद्रकोरी उमटल्या होत्या. एकीतून रक्त येऊन सुकलं होतं. इतका वेळ त्यांना ते जाणवलंही नव्हतं.

"पायल! लवकर ये इकडं! तुझ्या बाबाले सुई द्या लागते, दवाखान्यात चाल!"

पायल धावत आली. तिने वडिलांचं मनगट पाहिलं. मग आपला डावा हात वर करून बोटं पाहिली. नखांच्या कडेला लालसर काळं काही साचलं होतं.

"बाबा... हे मी...?"

तिने डावा हात उजव्या हाताने झाकून घेतला.

गिरजाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. देवीदासांनी बादलीतून तांब्या भरला.

"वानर नाई चावलं," ते बायकोला म्हणाले, आणि लेकीकडे वळले. "ये. हात पुढं कर."

ती पुढे आली. त्यांनी तिच्या बोटांवर पाणी ओतलं.