टाकीतला देवचार

कोंबडा टोपलीतून टाकीत गेला तेव्हा पंख फडफडवत ओरडत होता. टोपली वर आली तेव्हा त्याची मान काठावरून ओल्या चिंधीसारखी लोंबत होती. अंगावर ना जखम, ना रक्ताचा थेंब.

"घेतल्यान! देवचारान बळी घेतल्यान!" दर्याबाबाने टोपली डोक्यावर धरून नाचवली आणि वखारीच्या आवारात जमलेल्या माणसांच्या अंगावर काटा सरसरला.

टोपलीला बांधलेला राणीछाप चांदीचा रुपया बाबाने सोडवून उंच धरला. मघाशी राखेने घासून चंद्रासारखा केलेला रुपया आता तव्याच्या बुडासारखा काळा होता.

"देवाचो राग ह्या रुप्यान पिऊन टाकल्यान! सरकारचे नवे पैसे सोडून बगा, पडतत काय काळे? देव तेंका वळखनाच नाय!"

कुणी हसले, पुष्कळांनी हात जोडले. बाबाने आपले घोंगडे ओढून टाकीच्या दर्याकडच्या बाजूला घेतले आणि घसा खाकरून गाऱ्हाणे सुरू केले.

"बा दर्याच्या राजा, बारा वाटांच्या, बारा वहिवाटींच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी एका तोंडाने गरजली.

"कोणी इटाळ केलो असात, कोणी वाकडी नजर टाकली असात, तेका शासन कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक 'व्हय'बरोबर निगडीचा एक फोक तुळसेच्या पाठीवर उतरत होता.

तुळसा माडाला बांधलेली होती. कालच तिचा घोव, हरिश्चंद्र, ह्याच टाकीत उतरला आणि पाय टेकताच कोसळला. लांब आकड्याने ओढून काढला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. चितेची राख अजून ऊन होती, आणि इकडे तिची पाठ सोलून निघत होती. तिचा गुन्हा काय? तर पावसाळ्यात उघडीप पडली तेव्हा तिने टाकीच्या झाकणावर चार मुठी सुंगटे, म्हणजे कोळंबी, सुकत घातली. टाकीच्या राखणदार देवचाराच्या डोक्यावर!

"सांग, घोवाक खाऊक कोणाक बोलावलंस?" बाबाचा चेला फोक उगारी.

"कोणाक नाय रे... माझो घोव गेलो रे... माका कित्याक मारतास?" तिचा आवाज आता रडण्याचाही उरला नव्हता. उखळाचा तळ कोरडाच कुटावा, तसा तो येत होता.

टाकी म्हणजे भाई शेटच्या वखारीतला, माणूस उभा बुडेल एवढा सिमेंटचा हौद. बांगडा खारवायला. पावसाळ्याआधी तळाशी उरलेले खारे पाणी, डोकी, आतडी तशीच ठेवून वर फळ्या टाकायच्या आणि मातीने लिंपून घ्यायच्या. नारळी पुनव झाली की झाकण काढायचे, माणूस उतरवून तळ साफ करायचा. दर्याला नारळ, टाकीला कोंबडा. कोंबड्याची ही रीत तीन वर्षांपूर्वी दर्याबाबा गलबतातून धक्क्यावर उतरला तेव्हापासूनची. म्हणे, विजयदुर्गाच्या पाण्यात तो बारा वर्षे समाधी लावून बसला होता. बारा वर्षांत दाढीला एक शिंपलेही चिकटले नव्हते, पण विचारणार कोण?

विचारणारी त्या दिवशी फाटकातून आत आली. आनंदीबाई हायस्कुलात शास्त्र शिकवायच्या, पण वखारीतल्यांना ती आनंदीच, मुकादम सत्यवानाची धाकटी बहीण. एका हातात काचेची बाटली, दुसऱ्यात टीपकागदाच्या पट्ट्या. हरिश्चंद्राचे प्रेत आणले तेव्हा त्याच्या कपड्यांना येणारा वास तिच्या नाकातून गेला नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत दर वर्षी मुली नाक दाबून हसतात, तोच तो कुजक्या अंड्यांचा वास.

तिने तुळसेकडे पाहिले. मग तिला भाऊ दिसला. टाकीच्या काठाशी, धोतराचा काचा मारून, कपाळभर गुलाल. आज उतरायचा मान मुकादमाचा होता.

"दादा, उतरू नको."

"आनंदी, तू शाळेत जा. हंय बायकांचा काम नाय."

"तुळसावयनी पुरुष आसा काय? तिका बरी बांधलास!"

आनंदीने कोपऱ्यातला दोरखंड ओढून आणला तसा बाबा खेकसला, "देवाकडे जाताना दोर? संशय घेतलंस तर देवचार खवळतलो!"

"दादा, पुनवेक राखी बांधूक माका गावली नाय. ही समज," म्हणत तिने दोर भावाच्या काखेखालून घेतला आणि गाठ मारली. सत्यवान हलला नाही. देवचाराला नाही म्हणता येते, लहान बहिणीला येत नाही.

मग तिने बाटलीतल्या पाण्यात पट्टी भिजवली, गळाच्या दोरीला अडकवली आणि टाकीत सोडली. वर आली ती कोळशासारखी काळी.

"बगा बगा!" बाबा टाळ्या पिटू लागला. "मास्तरणीच्या कागदाकय देव पावलो!"

गर्दी खो खो हसली. आनंदी आवाराच्या कडेला गेली. तिथे पिंपात मासळीची डोकी-आतडी सडत असत, माडांना खत म्हणून. तिने पिंपावरचे गोणपाट उचलले आणि दुसरी पांढरी पट्टी भिजवून पिंपाच्या तोंडाशी धरली. लोकांच्या डोळ्यांदेखत ती तपकिरी झाली, मग काळी.

"हंय खंयचो देवचार?"

हसणे विरले. आतडी टाकणारी म्हातारी मथुरा पुढे आली. "आनंदी गो, ह्या पिंपात देव आसा तर मी तेच्या डोक्यार रोज घाण वततंय. माका अजून कसो खाल्ल्यान नाय?"

"पिंप उघड्यावर आहे, मथुराआजी. वाऱ्याने उडून जातो तो." आनंदीचा आवाज वर्गातला झाला. "सडलेल्या मासळीतून एक विषारी वायू निघतो. तो हवेहून जड. झाकलेल्या टाकीत पावसाळाभर साठून राहतो. त्यानेच चांदी काळी पडते, त्यानेच हा शिशाच्या क्षारात भिजवलेला कागद. आधी कुजका वास येतो, मग येईनासा होतो. तुम्ही म्हणता, देव शांत झाला. वायू गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं. नाकामागून माणूस मरतो."

"शाळा पुरे झाली!" भाई शेट छत्री आपटत उठला. "थंय रापणीच्या जाळ्यातलो बांगडो धक्क्यार तापता. मुकादमा, उतरतंस काय दुसरो बघू?"

"मुकादम भियालो रे!" मागून कुणीतरी ओरडले.

त्या एका शब्दाने घात केला. दर्यावर जाणाऱ्याच्या वंशाला दुसरी कुठलीही शिवी चालते. सत्यवानाने बहिणीचा हात झटकला आणि शिडीवर पाय टाकला.

एक पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्याने वर पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि त्याच्या हातांतली शिडी सुटली. तळाच्या काळ्या पाण्यात धप्पकन आवाज झाला. पाणी ढवळले, बुडबुडे फुटले.

"सत्यवाना!" चुलता तातू शिडीकडे धावला. आनंदीने भिंतीशी टेकवलेले वल्हे उचलले आणि चुलत्याच्या नडग्यांवर घातले. तातू किंचाळून आडवा झाला.

"तू गेलंस तर दोन मडी काढूची लागतली! दोर ओढा! सगळ्यांनी ओढा!"

हाडे मोडावीत तसा दोर कुरकुरला. सत्यवान काठावर आदळून वर आला. ओठ निळे, कपाळ फुटलेले, बोटातली चांदीची अंगठी काळी ठिक्कर. त्याला ओढत माडांखाली उघड्या वाऱ्यात नेला. बुडालेल्याला करतात तसे पालथा घालून आनंदी त्याच्या पाठीवर दाबू लागली. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. माडाला बांधलेली तुळसा तिच्या हातांकडे पाहत होती. काल हरिश्चंद्राच्या पाठीवर असे हात कुणी ठेवलेच नव्हते. बाबाने सांगितले होते, देवाने नेलेल्याला शिवू नये.

सत्यवानाच्या घशातून घोगरा आवाज आला. तो ओकला, तडफडला, आणि श्वास घेतला.

आनंदी उठली आणि तिने आधी तुळसेच्या दोऱ्या सोडल्या.

"मथुराआजी," दम लागलेल्या आवाजात तिने विचारले, "गेली तीन वर्सा पयलो कोंबडो मेल्यार हो बाबा काय करी?"

"देवाक वारो घालूक लावी. दोन गडी टाकीवर गलबताचा शीड हलवीत रवत. सांज होईसर."

"नि मगे दुसरो कोंबडो?"

"तो जितो येय. तो इलो की मगेच माणूस उतरे."

"आणि ह्या वर्षी, काल नि आज?"

सगळ्यांनी भाई शेटकडे पाहिले. भाई शेटने दर्याकडे पाहिले. "बांगडो इलो होतो..." तो पुटपुटला. "बाबा म्हणालो, दक्षिणा वाढव, एकाच कोंबड्यान भागवतंय."

"ऐकलंत? वारा देवाला नव्हता घालत, टाकीला घालत होता. आतला वायू उडाला की दुसरा कोंबडा जगायचा. ह्याला सगळं ठाऊक होतं. खोटं वाटतं? ह्याचं घोंगडं बघा. सकाळी मी शाळेत जाताना वारा जमिनीकडून होता, तेव्हा ते माडांच्या बाजूला होतं. वारा फिरला, घोंगडं दर्याच्या बाजूला आलं. टाकीवरून आलेला वारा हा एकदाही तोंडावर घेत नाही! बाबा, देव तुझा आहे ना? वाक, आणि काठावर एक श्वास घे."

बाबाने उपरण्याने नाक दाबले आणि दोन पावले मागे सरला. तेवढे पुरे झाले.

गर्दीचा नूरच पालटला. मघाशी 'व्हय म्हाराजा' म्हणणारे हात त्याच्या दाढीत गेले. कुणी दगड मारला, कुणी तोच फोक. नाक फुटले, दात पडला, माळा तुटून मणी चिखलात विखुरले. "कोंबडो नको, ह्येकाच घाला!" त्याला पायांना धरून फरपटत टाकीच्या काठापर्यंत आणले. आता तो मालवणीही विसरला होता, नुसता ढोरासारखा ओरडत होता.

आनंदी वल्हे आडवे धरून काठावर उभी राहिली.

"तेका टाकलास तर हरिश्चंद्रासारखोच मरतलो. नि उद्या लोक काय म्हणतले? देवचारान बाबाचोय बळी घेतल्यान! टाकी परत देव होतली. माका टाकी टाकीच होई आसा."

"नि माझो घोव फुकट जायत," मागून तुळसा म्हणाली. रक्ताने पाठीला चिकटलेले लुगडे सावरत ती पुढे आली, तसे लोक आपोआप बाजूला झाले. "तेका फौजदाराकडे न्हेवा. नि भाई शेटाकय. देवचारान नाय मारल्यान माझ्या घोवाक. ह्या दोघांच्या घाईन मारल्यान."

भाई शेटच्या हातून छत्री गळून पडली. ती कुणी उचलून दिली नाही.

आनंदीने काळा रुपया, काळी पट्टी आणि मेलेला कोंबडा एका फळीवर मांडला. "मुका कोंबडा मरून सांगत होता, खाली मरण आहे. आपण त्यालाच देवाचा होकार समजलो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे कशाने झालं? वाऱ्याने, विषाने, की कुणाच्या लबाडीने? विचारायला पोथी लागत नाही. आता मला सांगा. कोंबडा मेला, चांदी काळी पडली. मग माणूस उतरवायचा?"

सवयीने काही ओठ 'व्ह...' म्हणायला उघडले आणि तसेच राहिले.

"नाय," तुळसा म्हणाली.

मथुरा म्हणाली. नडगी चोळणारा तातू म्हणाला. आणि मग त्या किनाऱ्याने कधी ऐकले नव्हते ते गाऱ्हाण्याचे उत्तर माडांच्या शेंड्यांपर्यंत गेले.

"नाय म्हाराजा!"

पुढल्या वर्षीच्या नारळी पुनवेला टाकी उघडली तेव्हा कोंबडा कापला नाही, सोडला नाही. शीड मात्र दिवसभर हलले. सत्यवान दोर बांधून काठाशी उभा होता, आणि पट्टी सोडायचा मान तुळसेचा होता. ती पांढरी वर येईपर्यंत तिने कुणाला शिडीला हात लावू दिला नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांनी तिच्यावर ओवी रचली ती अशी:

टाकीच्या तोंडाशी गो, कोण उभी अस्तुरी,
आधी सोडता कागद, मगे माणसाची दोरी.