वरच्या सुराआधी

मास्तरांनी काठी आडवी धरली आणि अख्खा बँड धडपडत थांबला. ट्रॉम्बोनची नळी पुढच्या माणसाच्या पाठीत बसली. ढोल वाजवणारा बारक्या, जो अंगाने दोघांएवढा होता, त्याला नेहमीप्रमाणे थांबायला दोन ठोके जादा लागले. कुणी हसलं नाही. हसायची वेळ केव्हाच टळून गेली होती. उद्या सकाळी स्पर्धा होती आणि संथ चालीचा तो तुकडा आज पुन्हा त्याच जागी फिसकटला होता.

ती जागा आता सगळ्यांना पाठ झाली होती. तुकडा मास्तरांच्या मुलीच्या एकटीच्या ट्रम्पेटचा. सूर हळूहळू वर चढत जातात आणि सगळ्यात वरच्या सुराआधी ती क्षणभर थांबते. ती थांबली की मागची रांग गोंधळते. कुणाचा पाय उचललेला, कुणाचा टेकलेला, आणि इतका वेळ सरळ आलेली ओळ डोळ्यांदेखत वाकडी होते.

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कागदावर तिथे थांबा आहे का?"

"नाही, मास्तर." मैदानावर ती त्यांना मास्तरच म्हणायची.

"मग?"

"मला तिथे थांबावंसं वाटतं."

"तुला वाटतं. आणि बाकीच्यांनी काय एक पाय वर धरून बगळ्यासारखं उभं राहायचं?"

बारक्याने ढोलाआड तोंड लपवलं. मुलीचा चेहरा मात्र तसाच राहिला. ती शांतपणे म्हणाली, की दरवर्षी परीक्षक एकच सांगतात, ओळी सुरेख, पण वाजवण्यात भाव नाही. तुम्हीही रोज भाव भाव करून आमचं डोकं उठवता. आणि कुणी जरा श्वास घेतला की लगेच काठी आडवी.

यातलं काही खोटं नव्हतं, म्हणूनच मास्तरांना ते जास्त झोंबलं. या भावापायी त्यांनी काय काय नव्हतं केलं? डोळे मिटून वाजवा म्हणाले, तर दोघे एकमेकांवर आदळले. कमरेतून झुका म्हणाले, तर सगळे गवतात हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे दिसायला लागले. आई आठवा म्हणाले, तर दुसरं ट्रम्पेट वाजवणाऱ्या पोस्टमनने विचारलं, कोणती, चिडलेली की बरी? भाव काही हाताला लागेना, आणि होती ती ओळही हातची चालली होती.

"तुकडा पोस्टमन वाजवेल," मास्तर म्हणाले. "तू मागच्या रांगेत जा."

पोस्टमनचा चेहरा कसनुसा झाला. पण त्याने वाजवलं, अगदी कागदाबरहुकूम. पत्रं पेटीत टाकत जावं तसे सूर पडत गेले, कुठेही अडकले नाहीत. ओळ सरळ राहिली. मुलीने मागच्या रांगेत ट्रम्पेट तोंडाला लावलंच नाही. सराव संपल्यावर तिने ते पेटीत घातलं आणि एकटीच निघून गेली. उद्या ती येणार की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मास्तरांचीसुद्धा नाही.

मास्तर पोटासाठी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आणि राहत मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. यावरून बायको त्यांना जन्मभर टोमणे मारत आली होती. त्या संध्याकाळी ते रस्त्यावरच्या दारातून आत शिरले तेव्हा त्यांचं डोकं नुसतं भणभणत होतं. पोरीचा राग आला होता, पोस्टमनचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण वाटभर कानात वाजत होतं ते पोरीचं वाजवणं, पोस्टमनचं नव्हे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने तोंडातून तीच चाल बाहेर पडली. बँडचे मास्तर झाल्यापासून ते हाच जिना असेच गुणगुणत चढत आले होते.

शेवटच्या वळणावर ते दम घ्यायला थांबले, गुडघ्यांवर हात टेकून. तेवढ्यात वर कडी निघाली.

बायको दार उघडून आत वळलीसुद्धा होती. मास्तर उरलेल्या पायऱ्या चढून वर आले आणि बूट काढता काढता कुरकुरले, की बेल वाजवायच्या आधीच दार उघडतेस, उद्या भलताच कुणी असला म्हणजे?

"बेल कशाला लागते तुमची?" बायको म्हणाली. "गाणं वळणावर थांबलं की उठते मी. आपली पोर लहान होती तेव्हा ती उठायची. दाराला कान लावून उभी राहायची. तुम्ही थांबलात की मला गप्प बस म्हणायची, आणि पुढचा सूर आला की बाबा आले म्हणून कडी काढायची."

मास्तरांचा एक बूट पायात होता, दुसरा हातात.

"कुठला सूर?"

"मला काय कळतंय त्यातलं? तो शेवटचा. वरचा."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. ट्रम्पेटची पेटी बाहेर, चपलांच्या शेजारी ठेवलेली होती. वाद्य बँडचं होतं; परत द्यायचं म्हणूनच ती तिथे ठेवली होती, हे सांगायला कुणी नको होतं. मास्तर बंद दाराकडे बघत राहिले. जाऊन टकटक करावी असं फार वाटलं, पण पुढे काय बोलायचं ते सुचेना. इतक्या वर्षांत त्यांनी चुका दाखवल्या होत्या, स्वतःची कबूल करायची वेळ आली नव्हती, किंवा आली तेव्हा ते खोकून मोकळे झाले होते.

त्यांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला. आता कुठे निघालात, असं बायको विचारत असतानाच ते जिना उतरले, पार रस्त्यावरच्या दारापर्यंत. तिथून वळले आणि गुणगुणत चढायला लागले, नेहमीपेक्षा मोठ्याने. मधल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. शेवटच्या वळणावर मास्तर थांबले. वर काहीच हालचाल नव्हती. या वयात आपण हा काय पोरकटपणा चालवलाय, असं वाटून त्यांचे कान तापले. तरी वरचा सूर त्यांनी लावला नाही.

कडी निघाली. दारात मुलगी उभी होती. डोळे सुजलेले, हाताची घडी.

"उद्या रांग तिथे थांबेल," मास्तर वळणावरूनच म्हणाले. "तू वरचा सूर लावेपर्यंत कुणी पाय उचलणार नाही. सकाळी सांगतो सगळ्यांना."

"गुण कापतील."

"कापू देत."

तिने हाताची घडी सोडली. मग वाकून तिने पेटी उचलली.

"किती थांबू, बाबा?"

"मला दम लागतो तेवढं." मास्तरांनी कठडा धरला. "हल्ली जरा जास्त लागतो."