समास कापाल तर याद राखा

मी वाचनालयातली प्रत बोलतेय. माझ्या बहिणी दुकानांतून कोऱ्याकरकरीत बसल्यात. त्यांचं त्यांना लखलाभ. मला लोकांनी वाचलंय, आणि वाचून कोणी गप्प बसलेलं नाही.

माझा विषय बसणं. घरात खुर्चीवर कोण बसलं, जमिनीवर कोण, आणि सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत उभं कोण राहिलं, याचा इतिहास. लिहिणाऱ्या बाई संस्कृतीच्या अभ्यासक. छापखान्यातून इथे आले, पाठीवर क्रमांक चिकटला, पोटावर धप्पकन शिक्का बसला, तेव्हा केवढी दचकले! मी मुळातच भित्री. कोणी पान जोरात उलटलं तरी छातीत धस्स होतं.

पहिलं मत दिलं एका निवृत्त कारकुनाने. समासात, पेन्सिलीने, चांगलं दाबून: "बाईंना काही कामधंदा नाही वाटतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढे मला घेऊन गेलेल्या नर्सने खाली लिहिलं, "काका, दिवसभर उभं राहून बघा, मग बोला." तिच्याखाली एका सूनबाईंनी, "आमच्या सासूबाई जन्मात टेकल्या नाहीत. टेकल्या त्या एकदम कायमच्याच." कारकूनकाकांना राहवेना. मला पुन्हा घरी नेलं आणि लिहिलं, "पटलेलं नाही. पण आज चहा मी केला."

असे माझे समास भरत गेले. "तळटीपा फार, धाप लागते." "पाचव्या प्रकरणाने रडवलं." "राजवाड्यांतल्या सिंहासनांचं नुसतं पाल्हाळ." त्याखाली लगेच दुसऱ्याचं, "पाल्हाळ तुम्हाला वाटेल, मला आवडलं."

मग लेखिकाबाई वाचनालयात व्याख्यानाला येणार असं ठरलं, आणि ग्रंथपालबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाइंडरकाकांना बोलावलं.

"काका, वाईट वाईट तेवढं खोडा. चांगलं राहू दे. बाईंना काय वाटेल?"

"खोडून डाग राहतात, मॅडम. नंतर बांधणीला घेतो आणि समासच कापून टाकतो. नव्यासारखी दिसेल."

"कापा नंतर. आधी खोडा."

कटिंग मशीनचं पातं मी पाहिलंय. अंगावर काटा आला. काका मात्र शब्दाचे पक्के. सांगितलं तेवढंच खोडलं. टोमणे गेले, टोमण्यांना दिलेली उत्तरं तशीच राहिली.

व्याख्यानाआधी लेखिकाबाईंनी मला उघडलं आणि बुचकळ्यात पडल्या. "'काका, दिवसभर उभं राहून बघा.' कोण हे काका?"

"मी नाही हो!" बाइंडरकाका दाराशी उडालेच.

"आणि पाल्हाळ कोणाला वाटलं? इथे तर कोणी तसं म्हटलेलंच नाही."

ग्रंथपालबाई पदराशी चाळा करू लागल्या. शेवटी काकाच म्हणाले, "म्हटलं होतं. मीच खोडलं. मॅडमनी सांगितलं म्हणून."

लेखिकाबाईंनी मला खिडकीशी नेऊन उजेडात तिरपं धरलं. शिसं जातं हो, पण दाबून लिहिल्याचे वळ कुठे जातात? त्यांनी सगळं वाचलं. खोटं कशाला सांगू, त्यांना लागलं. 'कामधंदा नाही'च्या वळांवरून बोट फिरवलं. मग हसल्या. "आमची आईसुद्धा हेच म्हणायची. राजवाडे पुढच्या आवृत्तीत कमी करते. पण हिचे समास कापू नका."

"वाचकांनी पुस्तकात लिहायचं नाही असा नियम आहे, मॅडम," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "हिला सोडलं तर उद्या सगळेच लिहितील. समितीला विचारावं लागेल."

व्याख्यानात लेखिकाबाईंनी ही सगळी हकिगत सांगून टाकली. दुसऱ्याच दिवशी कारकूनकाका काउंटरवर हजर!

"माझं मत खोडलंत?"

"अहो, ते वाईट होतं."

"वाईट होतं की चांगलं, ते माझं होतं! आता बदललंय ते. पण खोडायचं तर मी खोडीन. तुम्ही कोण?"

हे सगळं मी कपाटातून ऐकलं. सध्या मी कुलपात आहे आणि समितीची बैठक व्हायचीय. तर समितीच्या सभासदांनो, भित्री असले तरी स्पष्ट सांगते: माझ्या कडा तुमच्या नाहीत, लेखिकाबाईंच्याही नाहीत. त्या ज्यांनी मला वाचलं त्यांच्या. पातं लावायचं असेल तर आधी त्यांना विचारा, एकेकाला, तोंडावर.

आणि तोवर हे कुलूप काढा. कारकूनकाका पेन्सिलीला टोक करून बाकावर बसलेत.