मागून मोजायचं इंजिन

हँगरवर त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. पायलट म्हणत, इंधनवाला म्हणे, आणि बायको होती तोवर चारचौघांत तीही तसंच म्हणायची. बाबा म्हणणारी माणसं दोनच, लेक आणि जावई. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले होते, "विमानं घरी न्यायची नाहीत असं आयुष्यभर पाळलं, आणि शेवटी पायलटच घरात आला."

जावयाचं काम एकट्याचं होतं. तेलाची पाइपलाइन जिथून जाई तिथून रोज सकाळी खालून खालून उडायचं, कुठे गळती दिसते का, कोणी खणतंय का ते बघायचं आणि परत यायचं. विमान दोन माणसांचं, चार सिलिंडरचं, वयानं जावयापेक्षा मोठं. इंजिन दणकट होतं. नजर ठेवायला मात्र त्याच्याकडे जुनी गोल तबकडी होती. ती चारांपैकी एकाच सिलिंडरची गरमी दाखवायची, आणि अलीकडे तिचा काटा जागचा हलतच नव्हता.

एकदा लेक नवऱ्याबरोबर विमानातून फिरून आली आणि तडक बापाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बाबा, तो काटा मेलाय. हे त्याला टिचकी मारतात आणि मला म्हणतात, बघ, सगळं ठीक आहे."

"मी बोलतो."

"बोलू नका. बदलून टाका. बोलण्यात ते तुम्हाला गुंडाळतील."

मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. नवा मॉनिटर मागवला, चारही सिलिंडरची गरमी वेगवेगळी दाखवणारा, छोट्या पडद्याचा. जावयानं आधी कुरकूर केली. इंजिन बिघडलं तर मला आवाजावरून कळतं, म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून गप्प बसला आणि सुट्टीच्या दिवशी बॅटरी धरायला स्वतःच हँगरवर आला.

"लग्नात अंगठी दिलीत, आता थर्मामीटर," जावई म्हणाला. "पुढच्या वर्षी काय, स्ट्रेचर?"

"जावईबापू, उजेड हातावर पाडा, माझ्या टकलावर नको."

काम मजेत चाललं होतं. जुनी तबकडी काढली तर मागे धुळीचा थर, आणि उंदरानं कुरतडलेली वायर. जावई ती बघून हसायचा थांबला. मिस्त्रींनी ती जागा साफ केली, नवा पडदा बसवला आणि मग इंजिनाकडे वळले. चार सिलिंडरना चार सेन्सर लावायचे आणि त्यांच्या वायरी इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यातून आत घेऊन मॉनिटरच्या मागे जोडायच्या. इंजिनाकडच्या टोकाला गरमीनं चिठ्ठी टिकत नाही, म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या त्यांनी आतल्या टोकांना लावल्या.

चूक झाली ती इथे. मिस्त्रींनी उभी हयात ज्या इंजिनांवर काढली त्यांचे सिलिंडर पंख्याकडून, म्हणजे पुढून मोजायचे. हे इंजिन दुसऱ्या घराण्याचं. याचा पहिला नंबर मागचा, कॉकपिटकडचा. मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या दिवशी जावई काहीबाही विनोद करत होता, मिस्त्री हसत होते, आणि हात आपल्या सवयीनं मोजत गेले. पुढचे एक, दोन. मागचे तीन, चार. डावीकडचा मागचा सिलिंडर पडद्यावर चौथा म्हणून जाऊन बसला. खरा चौथा त्याच्या पुढचा होता.

इंजिन सुरू केलं तर चार पट्ट्या हिरव्यागार उभ्या राहिल्या. जावयानं फोटो काढून बायकोला पाठवला.

काही आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी जावई उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, चौथा तापतोय. बाकीचे थंड आणि हा एकटाच लाल. पुन्हा आपोआप खाली येतो."

मिस्त्रींनी विमान आत घेतलं. आता मात्र त्यांनी सवयीवर काही सोडलं नाही. कंपनीचं पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं आणि चौथा सिलिंडर कुठला ते नीट पाहून घेतलं. डावीकडचा, पुढचा. त्याचे प्लग काढले, हवा भरून दाब तपासला, आत बारीक नळीची दुर्बीण घालून व्हॉल्व्ह पाहिले. सिलिंडर अगदी ठणठणीत. त्याचा सेन्सर बदलून नवा लावला. बाकीचे तिन्ही पडद्यावर थंड होते, त्यांना हात लावायचं कारण नव्हतं. हात चुकला होता आणि डोकं बरोबर होतं, आणि दोघांची गाठ कुठेच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी चौथा पुन्हा लाल झाला.

"सिलिंडर बघितला, सेन्सर बदलला," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे खोट मॉनिटरच्या पेटीतच आहे. ती परत पाठवू, दुसरी येईपर्यंत थांबा."

"थांबा म्हणजे? पाइपलाइनवाले दुसरा पायलट बघतील." जावई पंखावर कोपर टेकवून उभा होता. "तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत ना? ठणठणीत म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग झालं. आधीचा काटा आंधळा होता, हा मॉनिटर वेडा आहे. मी उडतो तुमच्या शब्दावर."

मिस्त्रींना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला हातात काही नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा त्या पुढच्या सिलिंडरवर हात ठेवून पाहिला, जणू तो काही सांगणार होता, आणि मग विमान चांगलं असल्याची सही करून दिली.

इंजिन बंद पडलं ते एका खडकाळ उतारावर. डावीकडच्या मागच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळत जळत पातळ झाला होता. तो तुटला आणि तुकडा आतच फिरला. जावयानं नाक खाली धरून एका सपाट पट्टीकडे विमान वळवलं, पण पट्टीच्या कडेला दगडी बांध होता. जीव वाचला, पण पाठीचा कणा वाचला नाही.

इस्पितळात डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन बोलले तेव्हा मिस्त्री दोन पावलं मागे उभे होते. कमरेखाली ताकद परत येणार नाही, एवढं त्यांना ऐकू आलं. लेक रडली नाही. घरी रॅम्प लागेल का, पलंग कसला लागेल, हे विचारत राहिली. ती लहानपणीही अशीच होती. गुडघा फुटला की आधी फ्रॉकवर डाग पडला का ते बघायची.

मोडकं विमान हँगरवर आणलं तेव्हा चौकशीला एक बाई आल्या होत्या. त्यांनी मिस्त्रींना हात लावू दिला नाही, पण शेजारी उभं राहायला हरकत घेतली नाही. इंजिनाची डावी बाजू उघडली आणि तुटलेला व्हॉल्व्ह बाहेर आला.

"डावीकडचा मागचा," बाई म्हणाल्या. "या इंजिनात म्हणजे दुसरा. तुमच्या पायलटनं तक्रार कितव्याची केली होती?"

"चौथ्याची," मिस्त्री म्हणाले, आणि तोंडातून शब्द निघता निघताच त्यांना सगळं दिसलं. त्या दिवशीची बॅटरी, जावयाचं हसणं, आपले हात. त्यांनी इंजिनाच्या स्टँडला धरलं.

"पाणी आणू का?" बाईंनी विचारलं.

"नको. लिहून घ्या. वायरी मी लावल्या. मी पुढून मोजलं. तपासताना मागून मोजलं. मॉनिटर बरोबर सांगत होता, मी भलत्याच सिलिंडरला विचारत होतो."

बाईंनी लगेच लिहिलं नाही. "पायलट घरचं माणूस आहे का?" त्यांनी विचारलं.

"जावई."

मिस्त्रींचं लायसन्स गेलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. हँगरची किल्ली परत देऊन ते सरळ लेकीच्या घरी गेले. ती नवऱ्याचे कपडे वाळत घालत होती. त्यांनी दारातच उभं राहून सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती ऐकताना एक शर्ट झटकत राहिली, झटकून झाल्यावरही.

"मीच म्हणाले होते बदला म्हणून," ती म्हणाली.

"तुझा काही संबंध नाही, पोरी."

"मला समजूत नको, बाबा. ते रोज विचारतात, का तुटलं, मी ऐकलं कसं नाही. स्वतःच्या कानांना दोष देतात. आत जा आणि त्यांना सांगा. हे ओझं मी नाही उचलणार."

जावई खिडकीशी पलंगावर होता. मिस्त्री खुर्ची न घेता उभ्यानंच बोलले. पुढून आणि मागून, हात आणि पुस्तक, सगळं. जावई म्हणाला, "त्या दिवशी मी बडबडत होतो."

"मोजणारा मी होतो."

"हो," जावई म्हणाला. "तुम्ही होतात." आणि त्यानं भिंतीकडे मान वळवली. "आता जा, बाबा."

ते गेले. पण लेकीच्या एकटीच्या हातांनी जावयाला कुशीवर वळवता येत नव्हतं, आणि वळवलं नाही तर पाठीला जखमा होत होत्या. शेजारी दोनदा आले, मग टाळू लागले. शेवटी तिनंच फोन केला. "सकाळी या. बोलायला नको, उचलायला या."

तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी जातात. लेक खांदे धरते, ते कंबर धरतात. जावयाचे पाय हलके झालेत, हाताला कळतं. ते पाठ पुसतात, मलम लावतात, चादर ओढून सुरकुत्या काढतात. जावई डोळे मिटून असतो. तो त्यांच्याशी बोलत नाही, लेकही कामापुरतंच बोलते. मागच्या आठवड्यात मलम लावताना जावयानं दात आवळले आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हात गार आहेत तुमचे."

मिस्त्रींनी मोरीत जाऊन गरम पाण्याखाली हात धरले, पुसले, आणि परत येऊन उरलेली पाठ पुरी केली.